दोन महिन्यांची झोप : पावसाळ्यानंतर बोटीचे इंजिन सुरू का होत नाही?

कोकणातल्या कोणत्याही मासेमारी बंदरावर जुलैच्या शेवटच्या आठवड्यात गेलात, तर एक आवाज हमखास कानी पडतो. शाकारलेल्या नौकांवरचे झाप उतरवलेले असतात, जाळी दुरुस्त होऊन चढवली जात असतात, रंगाचे शेवटचे हात फिरत असतात, आणि मधूनच कुठल्यातरी बोटीच्या पोटातून 'सेल्फ' मारल्याचा घर्रर्र आवाज येतो. काही बोटींत त्या घरघरीची लगेच धडधड होते. काहींत मात्र ती तशीच चालते, हळूहळू मंदावते आणि शेवटी नुसती 'टक्' होऊन थांबते.

ज्या बोटीत ती 'टक्' होते, तिच्या मालकाचा चेहरा पाहण्यासारखा नसतो. खलाशांना उचल दिलेली असते. बर्फ, डिझेल आणि शिधा यांचे पैसे बाहेर पडलेले असतात. दोन महिने मिळकत नसते. हंगामाच्या पहिल्या दिवसांत शेजारच्या बोटी मासळी आणत असताना आपली बोट धक्क्याला बांधून ठेवणे कुणालाच परवडत नाही.

अशाच एका बोटीवर मालक आणि मेस्त्री यांच्यातला संवाद मी काही वर्षांपूर्वी ऐकला. मालक काकुळतीने म्हणाले, "मेस्त्री, मे महिन्यात चालू स्थितीत बंद केलेलं इंजिन. दोन महिने कोणी हातसुद्धा लावला नाही. मग बिघडलं कसं?" मेस्त्री पाना पुसत म्हणाले, "हात नाय लावलात, म्हणूनच बिघडलं."

या लेखाचा विषय त्या एका उत्तरात आला आहे. थांबलेले इंजिन विश्रांती घेत असते, हा आपला समज आहे. प्रत्यक्षात त्या काळातही त्याच्यात बरेच काही घडत असते. ऑगस्टमध्ये दिसणारा बिघाड जून-जुलैतच तयार झालेला असतो.

बंदीचा काळ

पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारी बंदी असते. महाराष्ट्रात तिला १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन अधिनियमाचा आधार आहे. जुनी रीत नारळी पौर्णिमेची होती. दर्याला नारळ अर्पण केल्याशिवाय होडी लोटायची नाही. पौर्णिमा पंचांगानुसार पुढेमागे होते. २०२३ साली अधिक श्रावण आल्याने ती ३० ऑगस्टला आली, तर २०२४ साली १९ ऑगस्टला. म्हणजे बंदी ६१ दिवसांची असली तरी, नारळी पौर्णिमा पाळणाऱ्याचे इंजिन काही वर्षी तीन महिने गप्प राहते.

हा सारा काळ कोकणातला सर्वांत ओला काळ असतो. रत्नागिरीसारख्या ठिकाणी वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच. हर्णैच्या बोटी आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात, इतर ठिकाणी त्या वाळूवर ओढून घेतल्या जातात. कुठेही ठेवली तरी खारी, दमट हवा बोटीची पाठ सोडत नाही.

शिडाच्या होडीला हा प्रश्न नव्हता. लाकडाला तेल पाजले, दोर कोरडे ठेवले की भागत असे. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकापासून आपल्या किनाऱ्यांवरच्या होड्यांत इंजिने बसू लागली. त्यामुळे कोळ्याचा पल्ला वाढला, वाऱ्यावरचे अवलंबन संपले; पण पावसाळ्यातल्या जतनाच्या कामात एका नव्या आणि नाजूक जिन्नसाची भर पडली. होडी शाकारायची विद्या पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. इंजिन 'शाकारायची' विद्या मात्र अजून सगळीकडे पोचलेली नाही.

डिझेल इंजिनाला काय लागते?

बिघाड समजून घ्यायचा, तर आधी इंजिन चालते कशावर हे पाहावे लागेल. जर्मन अभियंता रुडॉल्फ डिझेल याला १८९३ साली आपल्या कल्पनेचे पेटंट मिळाले आणि १८९७ च्या फेब्रुवारीत ऑग्सबर्ग येथे त्याच्या इंजिनाची यशस्वी चाचणी झाली. कल्पना साधी होती : हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल, आणि त्या तापलेल्या हवेत इंधनाचा बारीक फवारा सोडायचा. ठिणगीची गरजच नाही. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम लागते, त्याच तत्त्वावर हे चालते.

सिलिंडरमधली हवा साधारण पंधरा ते वीस पटींनी दाबली जाते, तेव्हा तिचे तापमान पाचशे अंश सेल्सिअसच्या वर जाते. डिझेल त्याहून बऱ्याच कमी तापमानाला, अडीचशे अंशांच्या आसपास आपोआप पेट घेते. म्हणजे इंजिन सुरू व्हायला तीन गोष्टी पुरेत : पुरेशा वेगाने फिरणे, दाब टिकणे आणि वेळेवर स्वच्छ डिझेल मिळणे.

यातला 'पुरेशा वेगाने' हा शब्द महत्त्वाचा आहे. इंजिन संथ फिरले, तर दाबलेल्या हवेला पिस्टन-रिंगच्या फटींतून निसटायला आणि तिच्या उष्णतेला थंड लोखंडात मुरायला वेळ मिळतो. हवा दाबली जाते, पण हवी तितकी तापत नाही. म्हणून अशक्त बॅटरी ही केवळ विजेची अडचण नसते, ती दाबाचीही अडचण होते. दोन महिन्यांनंतर बॅटरी थोडी उतरलेली, रिंग थोड्या चिकटलेल्या आणि डिझेल थोडे खराब असते. एकेक दोष इंजिनाने चालवून घेतला असता, पण तिन्ही एकत्र आले की ते हटून बसते.

थांबलेल्या इंजिनात काय चालते?

पहिली गोष्ट बॅटरी. शिशाची बॅटरी काही न करता, नुसती ठेवली तरी उतरते, आणि उष्ण हवेत अधिक वेगाने उतरते. उतरलेल्या अवस्थेत राहिली की तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात. मग ती चार्ज झाल्यासारखी दिसते, पण सेल्फ मारताच बसते.

दुसरी गोष्ट टाकी. टाकी अर्धी रिकामी ठेवली, तर उरलेल्या जागेत दमट हवा असते. रात्री टाकीचा पत्रा गार झाला की त्या हवेतले पाणी आतल्या बाजूला दवासारखे जमते आणि ओघळून तळाशी जाते. डिझेल पाण्यापेक्षा हलके असल्याने पाणी खालीच राहते. या पाणी आणि डिझेल यांच्या सीमारेषेवर एक सृष्टी उभी राहते. हॉर्मोकोनिस रेझिनी नावाची बुरशी आणि काही जिवाणू तिथे वाढतात. राहायला पाणी आणि खायला डिझेल मिळत असल्याने ते सुखाने नांदतात. त्यांचा काळपट, बुळबुळीत साका टाकीच्या तळाला आणि भिंतींना धरतो. हा साका लक्षात ठेवा, पुढे त्याची गाठ पडणार आहे.

तिसरी गोष्ट सिलिंडर. चालत्या इंजिनात तेलाचा पातळ थर सिलिंडरच्या भिंतीवर असतो. तो दोन महिन्यांत निथळून जातो. एखादी झडप उघड्या स्थितीत थांबलेली असतेच. तिथून दमट हवा आत येते आणि भिंतीवर गंज धरतो. धुराड्याचे तोंड आकाशाकडे उघडे राहिले असेल, तर पावसाचे पाणी सरळ आत उतरते.

चौथी गोष्ट रबर. समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपात रबरी पाती असलेला इम्पेलर असतो. त्याची काही पाती कायम दाबलेली राहतात. महिनोन्‌महिने तशीच राहिली की ती वाकलेलीच राहतात किंवा मुळाशी तडकतात. डिझेलच्या रबरी नळ्यांचेही तसेच होते.

सेल्फला हात लावण्यापूर्वी

इंजिन सुरू होत नाही म्हटल्यावर आपला पहिला उपाय म्हणजे सेल्फ पुन्हा मारणे, आणि अधिक वेळ मारणे. तिथेच सर्वांत महागडी चूक होते.

एका बोटीच्या धुराड्यावरचा डबा पावसाळ्यात वाऱ्याने उडाला होता, पण ते कुणाच्या लक्षात आले नाही. एका सिलिंडरमध्ये पाणी साचले. बॅटरी नवी, दमदार. सेल्फ मारताच इंजिन अर्धा फेरा फिरले आणि धाडकन थांबले. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. पिस्टनला वर जायला जागा नव्हती, म्हणून कनेक्टिंग रॉड वाकला. अर्ध्या सेकंदात त्या बोटीचा ऑगस्ट महिना गेला.

म्हणून पहिला नियम : इंजिन आधी हाताने फिरवायचे. फ्लायव्हीलला किंवा पुढच्या पुलीच्या नटाला पाना लावून दोन पूर्ण फेरे सावकाश द्यायचे. दाब येईल तिथे जड लागेल आणि मग सुटेल, ते ठीक. पण एखाद्या ठिकाणी भिंतीला टेकल्यासारखे अडले, तर जोर करायचा नाही. नोझल काढून पुन्हा फिरवायचे. पाणी असेल तर त्या भोकातून बाहेर येईल. सिलिंडर चिकटला असेल, तर त्यात थोडे तेल सोडून एक दिवस वाट पाहायची.

त्याच वेळी तेलाची पट्टी काढून पाहायची. तेल दुधाळ दिसले, तर त्यात पाणी आहे. पातळी मे महिन्यापेक्षा वर आली असेल, तर पाणी किंवा डिझेल उतरले आहे. दोन्हींत इंजिन सुरू करायचे नाही, आधी कारण शोधायचे. मग झाकलेली तोंडे मोजायची. धुराड्यावरचा डबा, हवेच्या फिल्टरवर गुंडाळलेले प्लॅस्टिक, फिल्टरमध्ये कुंभारीण माशीने केलेले मातीचे घर, यांतले काहीही मेस्त्रीला अर्धा दिवस फिरवू शकते. इंजिन बंद करण्याचा दांडा 'बंद' स्थितीत चिकटून राहिलेला असतो, हेही वारंवार घडते. तो सोडवला की काम संपते.

आता बॅटरी. साध्या मल्टीमीटरने हे दोन मिनिटांत कळते. बारा व्होल्टची पूर्ण भरलेली बॅटरी विसावलेल्या स्थितीत १२.६ च्या आसपास दाखवते. १२ च्या खाली असेल, तर ती जवळजवळ रिकामी आहे. पण खरी परीक्षा सेल्फ मारतानाची. त्या वेळी आकडा साडेनऊच्या खाली कोसळला, तर बॅटरी कामातून गेली आहे किंवा सेल्फ जादा वीज खातो आहे. चोवीस व्होल्टच्या बोटीत हे आकडे दुप्पट धरावेत. बॅटरी चांगली असूनही सेल्फ 'टक्' करून थांबत असेल, तर टोकांवरची हिरवी-पांढरी बुरशीसारखी साय गरम पाण्याने धुवून, घासून घ्यावी. अर्थची जाड वायर इंजिनाला जिथे लागते, ती जागा बहुतेक जण विसरतात. गंज तिथेही असतो.

सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि दोन प्रयत्नांमध्ये एक-दोन मिनिटे थांबावे. नाहीतर इंजिनाबरोबर सेल्फही दुरुस्तीला जातो.

धुराची भाषा

इंजिन चांगल्या वेगाने फिरते आहे, पण पेटत नाही. आता एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने धुराड्याकडे पाहायचे. ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी तपासणी आहे.

धुराचा मागमूसच नाही, याचा अर्थ डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. डोळ्यांना झोंबणारा, कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येतो, याचा अर्थ डिझेल पोचते पण पेटत नाही. मग दोष उष्णतेचा आहे : फिरण्याचा वेग कमी, दाब कमी, नोझलचा फवारा खराब किंवा डिझेलात पाणी. काळा धूर येऊन इंजिन धडपडते, याचा अर्थ डिझेल आहे पण हवा कमी पडते. तेव्हा हवेचा फिल्टर पाहावा.

या एका निरीक्षणाने निम्मी वाट कमी होते. धूर नसताना नोझल खोलत बसणे किंवा पांढरा धूर असताना टाकी उपसणे, दोन्ही श्रम वाया जातात.

डिझेलच्या वाटेवर

धूर नसेल, तर डिझेलच्या मागोमाग टाकीपासून चालत यायचे. कॉक उघडा आहे का? पाणी वेगळे करणाऱ्या फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे आणि दहा मिनिटे ठेवावे. पाणी खाली बसलेले दिसेल. स्वच्छ डिझेल येईपर्यंत काढत राहावे आणि फिल्टर बदलावा.

त्यानंतरचा नेहमीचा दोष म्हणजे लाइनने हवा धरणे. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत डिझेल ओढले जाते. तिथे चीर पडली, तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. म्हणून ओल कुठेच दिसत नाही आणि माणूस चकतो. संशय असेल, तर स्वच्छ डिझेलचा एक कॅन इंजिनापेक्षा उंच ठेवून त्याची नळी थेट फीड पंपाला जोडावी. इंजिन सुरू झाले, तर इंजिन निर्दोष आहे. दोष टाकीत किंवा तिच्या नळीत आहे.

हवा काढण्याचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे असतो. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा. फेस येईल, मग बुडबुडे, मग अखंड धार. धार आली की स्क्रू आवळायचा. मग हेच डिझेल पंपावरच्या स्क्रूला. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या नळ्यांचे नट थोडे सैल करून सेल्फ मारायचा आणि डिझेल उसळले की आवळायचे. हे जुन्या, यांत्रिक पंपाच्या इंजिनांसाठी झाले. इलेक्ट्रॉनिक इंजिनांत दाब फार मोठा असतो, तिथे या नळ्यांना हात लावू नये. आणि कोणत्याही इंजिनात नोझलच्या फवाऱ्यासमोर हात धरू नये. तो कातडी भेदून डिझेल आत सोडतो. वरून टाचणी टोचल्याएवढीच खूण दिसते, तरी विनाविलंब रुग्णालय गाठावे लागते.

एक सवय मात्र सोडायला हवी. हवेच्या तोंडाशी पेटता बोळा धरणे किंवा ईथरचा फवारा मारणे. त्याने इंजिन कधीकधी सुरू होते, पण अवेळी स्फोट होऊन रिंग तुटण्याचा आणि आग लागण्याचा धोका असतो. मुख्य म्हणजे मूळ दोष तसाच राहतो.

लहान होड्यांची इंजिने

होडीच्या मागे लावायच्या आउटबोर्ड इंजिनाचे दुखणे वेगळे. ते ठिणगीवर चालते. कार्ब्युरेटरमध्ये उरलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे डिंकासारखा थर राहतो, तो बारीक छिद्रे बुजवतो. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते हवेतले पाणी ओढते आणि पाणी प्रमाणाबाहेर गेले की इथेनॉल व पाणी एकत्र होऊन तळाशी वेगळे होतात. म्हणून जुने पेट्रोल काढून टाकणे, कार्ब्युरेटर धुणे आणि नवा प्लग लावणे, एवढ्यावर बहुतेक इंजिने सुरू होतात.

रॉकेलवर चालणारी इंजिने पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर न्यायची असतात. ती रॉकेलवर असतानाच बंद केली, तर कार्ब्युरेटरमध्ये रॉकेलच राहते आणि थंड इंजिनात ते पेटत नाही. बंद करण्यापूर्वी काही मिनिटे पेट्रोलवर चालवणे, एवढाच त्यावर उपाय.

सुरू झाले, म्हणजे झाले?

इंजिन सुरू झाले की धक्क्यावर आनंद होतो. पण पहिली काही मिनिटे डोळे दोन ठिकाणी हवेत. तेलाचा दाब काही सेकंदांत वर आला पाहिजे आणि थंड करणारे पाणी बाहेर पडू लागले पाहिजे. पाणी येत नसेल, तर लगेच बंद करावे. कोरडा फिरणारा इम्पेलर फार थोड्या वेळात जळतो. तुटलेले पाते पुढे नळीत जाऊन अडकते, म्हणून नवा बसवताना जुन्याचे सगळे तुकडे मोजून घ्यावेत.

आता तो साका. टाकीच्या तळाशी दोन महिने शांत बसलेला. धक्क्याला बोट हलत नाही, त्यामुळे तो वर येत नाही, आणि इंजिन तासभर उत्तम चालते. बोट खाडीच्या तोंडाशी येते. ऑगस्टच्या आरंभी समुद्र पुरता निवलेला नसतो. वाळूच्या बारवर लाटा फुटत असतात. बोट पहिल्यांदाच जोरात हेलकावते, टाकी घुसळून निघते, साका फिल्टरमध्ये जातो आणि इंजिन नेमके तिथे, फुटत्या लाटांमध्ये गुदमरून बंद पडते. मागे वळायला जागा नाही, नांगर धरायला वेळ नाही. हा योगायोग नसतो. इंजिन बंद पडायला जे कारण लागते, ते पुरवणारी जागाच ती असते.

म्हणून धक्क्याला इंजिन सुरू झाले, हा तपासणीचा शेवट नव्हे. टाकीचा तळ उपसून स्वच्छ केलेला असावा. बारवर जाण्यापूर्वी खाडीच्या आत इंजिनाला भार देऊन तासभर बोट फिरवावी, फिल्टर पुन्हा पाहावा. आणि बोटीवर दोन जादा फिल्टर, ते बदलणारा पाना आणि हवा काढता येणारा माणूस असावा.

मे महिन्यातला एक दिवस

वरच्या बहुतेक कटकटी टाळायला बोट शाकारतानाचा एक दिवस पुरतो. जुने तेल बदलायचे, कारण वापरलेल्या तेलातली आम्ले आतून धातू खातात. गोड्या पाण्याने थंडाव्याच्या नळ्या धुवायच्या. इम्पेलर काढून ठेवायचा. बॅटरी घरी न्यायची आणि महिन्यातून एकदा चार्ज करायची. धुराड्यावर डबा दोरीने घट्ट बांधायचा. दर पंधरा दिवसांनी इंजिन हाताने दोन फेरे फिरवायचे. टाकी काठोकाठ भरावी, असे पुस्तके सांगतात. पण मे महिन्यात एवढे डिझेल भरून ठेवायला पैसा कुठून आणायचा, आणि किनाऱ्यावर ते राखायचे कोणी? तसे असेल, तर टाकी पूर्ण रिकामी करून, पुसून कोरडी करावी. अर्धी टाकी मात्र ठेवू नये.

या दिवसाची खरी अडचण वेगळीच आहे. हंगाम संपला की खलाशी गावी जातात. अनेक बंदरांवर ते कर्नाटकातले किंवा नेपाळचे असतात. ज्याच्या हाताला इंजिन ठाऊक, तोच दोन महिने नसतो, आणि ऑगस्टमध्ये कधी त्याच्या जागी दुसराच येतो. इंजिनाबरोबर त्याची हकीकतही झोपी जाते.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मेस्त्रींनी त्या दिवशी इंजिन संध्याकाळपर्यंत सुरू करून दिले. टाकीकडच्या नळीला चीर होती, एवढेच. निघताना त्यांनी इंजिनखोलीच्या फळीवर खडूने लिहिले : नळी बदलली, फिल्टर बदलला, तारीख. मालकांनी विचारले, हे कशाला? ते म्हणाले, "पुढच्या वर्षी मी असेन-नसेन. जो येईल त्याला कळायला नको?"

खडू पावसात पुसला जातो. त्या फळीवर ऑइलपेंटने लिहायला फार खर्च येत नाही.